ठोकळ्यांची रिमोट गाडी मुरूमावर पळवायची आहे, पण ती नुसती चालते

बेसावाली · रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकते, म्हणजे तोच प्रश्न दहा वेळा येणार नाही: ही गाडी मुलासाठी नाही. माझी आहे. मुलगा नववीत आहे आणि मोबाइलवरच्या क्रिकेटपलीकडे त्याला जग दिसत नाही. मी एक्केचाळीस वर्षांची, बँकेत कॅशला बसते. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजायच्या आणि रात्री ओटा आवरला की जेवणाच्या टेबलावर ठोकळे पसरायचे, हा माझा नेम.

२०१३ साली दिरांनी बाहेरून येताना लेगो टेक्निकचा क्रॉलरचा डबा आणला होता. ९३९८ नंबरचा, १३२७ तुकडे. "जपून ठेवा, महाग आहे" म्हणाले, म्हणून आम्ही तो सात वर्षं माळ्यावर जपला. लॉकडाउनमध्ये एकदाचा उघडला. दगडावर चढायला ती गाडी फार गुणी, पण चाल मुंगीची. मग सगळी सोडवली आणि स्वतःच्या डोक्याने मातीत पळणारी बगी बांधायला घेतली. ही तिसरी आवृत्ती.

आताची रचना अशी. संचातल्या दोन एल मोटर मधोमध, त्यातून एक लांब एक्सल पुढे आणि मागे, तिन्ही ठिकाणी डिफरन्शियल (वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), चारही चाकांना जोर, चाकांपाशी युनिव्हर्सल जॉइंट (वाकूनही फिरणारा सांधा). टायर वेगळे घेतले, त्यांच्यावर ८१.६ × ३८ असं लिहिलेलं आहे. बॅटरी बॉक्समध्ये सहा पेन्सिल सेल, चार्जिंगवाले. किराण्याच्या काट्यावर वजन एक किलो नऊशे.

मैदान म्हणजे आमच्या लेआउटमागचे रिकामे प्लॉट. थोडा मुरूम पसरलेला, मध्ये मध्ये काळी माती, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी बांधकामाचा गिट्टीचा ढीग, दोन बाभळी. रविवारी सकाळी लेआउटमधली पोट्टी तयार रिमोटच्या गाड्या घेऊन येतात. आज मीही गेले. शिंप्याच्या टेपने दहा मीटर आखले, मोबाइलवर वेळ लावली. अकरा सेकंद! आमच्या सासूबाई देवळात जातात त्या याहून लवकर पोहोचतात. सातवीतला एक जण जवळ येऊन अगदी आदराने म्हणाला, "काकू, ढकलू का?"

काय काय करून पाहिलं: २४ दात्यांचा गिअर ८ दात्यांवर लावला, म्हणजे वेग तिप्पट व्हायला हवा. गाडी जागची हलली नाही, आतून नुसतं कट-कट-कट. वरची बॉडी काढली, काही फरक नाही. शिवाय सकाळी दहानंतर रिमोट गाडीला चिकटवावा लागतो, हातभर दूर गेलं की ती ऐकत नाही. तोच रिमोट संध्याकाळी साडेसहाला सात-आठ मीटरवरून काम करतो. बिघडला म्हणावं तर तसंही नाही.

मोटर बदलू, गिअर बदलू, की ठोकळ्यांची गाडी पळतच नसते हे मान्य करू? खर्च चार-पाच हजारांपर्यंत करू शकते. त्यावर गेला तर घरात उत्तर द्यावं लागेल.

---

घाईत_आहे · रविवार, रात्री ११:०५

दोन-अडीच हजारांत ऑनलाइन तयार आरसी गाडी मिळते, चारही चाकं फिरतात, पळतेही जोरात. कशाला डोकेफोड?

---

बेसावाली · रविवार, रात्री ११:१२

भाऊ, आमच्या नागपुरात बर्डीच्या बाजारात तयार पुरणपोळीही मिळते.

---

निवृत्त_फिटर · सोमवार, सकाळी ६:२०

ताई, मी ठोकळेवाला नाही. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत ३४ वर्षं फिटर होतो, आता नातवाच्या नादाने इथे वाचत बसतो. तुम्ही आकडे दिले म्हणून लिहावंसं वाटलं. बहुतेक लोक "गाडी स्लो आहे" एवढंच लिहून मोकळे होतात.

वेगाचं आधी पाहू. ८१.६ मिलिमीटरचं चाक एका फेऱ्यात सुमारे २५६ मिलिमीटर जातं. एल मोटर ९ व्होल्टला, काही ओढायचं नसेल तेव्हा, मिनिटाला ३८० च्या आसपास फिरते. पण तुमचे सेल चार्जिंगवाले, प्रत्येकी १.२ व्होल्ट. सहाचे ७.२ होतात, ९ नाही. फेरे तिथेच ३०० वर आले. ३०० गुणिले २५६ म्हणजे मिनिटाला ७७ मीटर, ताशी साडेचार किलोमीटर. हे चाकं हवेत असताना. जमिनीवर तुम्हाला सव्वातीन मिळतंय. म्हणजे गाडी बिघडलेली नाही, तिची ऐपतच तेवढी आहे.

आता खरी गोम. तुम्ही बँकेत आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. गिअर ताकद तयार करत नाही, तो फक्त नोट मोडून देतो. पाचशेची नोट मोडली की हातात कागद जास्त येतात, रुपये तेवढेच. वेग वाढवलात की जोर तेवढा घटतो. आणि इथे नोट मोडणारा फुकट मोडत नाही, दर जोडीला थोडी वटणावळ कापून घेतो. तुमच्या गाडीत मोटरपासून चाकापर्यंत किती वेळा नोट मोडली जाते ते मोजा.

रुपये किती लागतात तेही पाहू. एक किलो नऊशेची गाडी म्हणजे सुमारे १९ न्यूटन वजन. मुरूमावर वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा अडथळा धरू, म्हणजे १.९ न्यूटन. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर. दोन्हींचा गुणाकार ८ वॅट. हे चाकाच्या टोकाला हवेत. तुमच्या दोन्ही मोटर मिळून ७.२ व्होल्टला फार तर सव्वादोन वॅट देतात, तेही सगळं जुळून आलं तर. मग २४ वर ८ लावून काय होणार? दाते बिचारे कट-कटच करणार.

मोटर नंतर बदला. आधी एक काम करा. मोटर काढून ठेवा, गाडी उलटी करा आणि चाक बोटाने जोरात फिरवून सोडा. किती फेऱ्यांनी थांबतं ते कळवा. आणि एक्सलवरचे बुश (चाक-गिअर सरकू नयेत म्हणून लावतात त्या कड्या) घट्ट दाबून बसवले असतील तर एका कागदाच्या जाडीएवढी फट सोडा. नातवाच्या गाडीत ते हमखास दाबलेले असतात. लहान मुलांना वाटतं घट्ट म्हणजे मजबूत. मोठ्यांनाही वाटतं.

---

बेसावाली · सोमवार, रात्री ९:५०

काका, जेवण टाकून मोजलं. चौदा गिअर, तीन डिफरन्शियल, चार युनिव्हर्सल जॉइंट. चाक सोडल्यावर अर्ध्या फेऱ्यात थांबत होतं, म्हणजे थांबत कसलं, अडत होतं. सगळे बुश सैल केले. आता अडीच फेरे. दहा मीटरला नऊ सेकंद, तेही पैसा न खर्चता! पण नऊ म्हणजेही सासूबाईच.

वटणावळीचा मुद्दा फार लागला. कॅशला बसून मला हे कळू नये?

---

पोट्टा_हिंगण्याचा · सोमवार, रात्री ११:३५

ताई, रामराम. काकांचं गणित एकदम बरोबर आहे, मी फक्त सामान सांगतो. मी मेकॅनिकलले आहो, थर्ड इयर. अभ्यास सोडून हेच करून राहिलो.

पहिलं तं तो रिमोट विकून टाका. बिघडला नाही तो. इन्फ्रारेडवाला आहे, टीव्हीच्या रिमोटसारखा. अन् आपल्या इथं सूर्य तेच किरण वरून टँकरनं ओतून राहिला. रिसीव्हरले तुमचा रिमोट दिसतच नाही त्या उजेडात. संध्याकाळी चालते ते याच्यामुळेच. २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ घ्या, ट्रान्समिटर-रिसीव्हरची जोडी. त्याले ऊन-बिन काही समजत नाही. सेकंडहँड पायजा, ड्रोनवाले पोट्टे नेहमी विकत असतात.

दुसरं, बॅटरी. तुमचा बॉक्स सहा सेलसकट सव्वादोनशे ग्रॅम तरी भरते. त्याच्या जागी दोन सेलची लिपो, म्हणजे लिथियमवाली बॅटरी, बसवा, छोटीशी, ऐंशी ग्रॅमची. ७.४ व्होल्ट म्हणतात तिले, पण फुल चार्ज झाली की ८.४ असते. ९ व्होल्टच्या मोटरले बिनधास्त चालते. अन् करंट मागाल तेवढा देते, तुमच्या त्या बॉक्ससारखी धाप लागत नाही तिले.

तिसरं, मोटर. बगी मोटर म्हणून येते, ठोकळ्यांच्या भोकांत बसणारी. ओरिजिनल आता महाग झाली, अन् बाहेरून मागवाल तं ड्युटी पहा. २०२० मध्ये खेळण्यांवरची ड्युटी २० टक्क्यांची ६० केली, २०२३ मध्ये ७०. त्यापरीस तिची नक्कल घ्या. मी दोन घेतल्या होत्या, दोन्ही अजून जिवंत आहेत.

मोटर अन् बॅटरीच्या मधात ब्रश्डवाला ईएससी लागते, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट. मोटरची केबल कापून त्याले जोडा लागते. २० अँपियरचा साधा घ्या, स्वस्त येते. रिसीव्हरले ५ व्होल्ट त्याच्यातूनच भेटते, वेगळी बॅटरी नाही लागत.

आता लिपोचं नीट ऐका, हे मस्करीत नाही सांगून राहिलो. एक सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी कामातून गेली समजा, मग फुगते. शंभर रुपयांच्या आत बझर येते, बॅलन्सच्या वायरले लावायचा, ३.४ वर सेट करायचा. बोंबलला की गाडी बंद. चार्जिंग डोळ्यासमोर, फरशीवर, गादीवर नाही. अन् मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवून बँकेत जाऊ नका. माझं काय झालं सांगतो. मी सर्वोचा, म्हणजे स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरचा, माउंट थ्रीडी प्रिंट करून आणला, पीएलए प्लास्टिकचा. सकाळी फुटाळ्यावर गाडी खेळलो, मग डिक्कीत टाकून लेक्चरले गेलो. दुपारी काढली तं माउंटचा पापड झालेला. पीएलए साठ डिग्रीच्या आसपास नरम पडते, अन् उन्हात उभ्या स्कूटरच्या डिक्कीत आपल्या इथं काय होत असेल तुम्हीच सांगा. लिपो सोबत नव्हती हे नशीब. ठोकळे मात्र जसेच्या तसे होते, त्यांचं प्लास्टिक शंभराच्या आसपास जाईपर्यंत हलत नाही.

---

शुद्ध_ठोकळे · मंगळवार, सकाळी ८:१५

पुण्याहून लिहितो. वरील सूचना तांत्रिकदृष्ट्या योग्य असतील, पण केबल कापणे, नकली मोटर, छंदाच्या दुकानातला सर्वो, हे सगळं झाल्यावर उरतं काय? त्याला ठोकळ्यांची गाडी म्हणायचं का, हा माझा साधा प्रश्न आहे.

न कापता करायचं असेल तर मार्ग आहे. स्लोव्हेनियात बनणारी बुविझ नावाची वीट येते. आत बॅटरी, ब्लूटूथने मोबाइलवरून चालते, मूळ मोटर थेट लागतात, आणि पेन्सिल सेलपेक्षा जास्त व्होल्टेज देते. महाग आहे हे मान्य.

बगी मोटरबद्दल थोडं, कारण नक्कल घेणाऱ्यांना मूळ माहीत नसतं. ती ८४७५ या रेस बगीच्या संचातून आली, २००२ च्या सुमारास. तिला एक्सलसाठी दोन भोकं आहेत. एकात ९ व्होल्टला मिनिटाला बाराशेच्या वर फेरे मिळतात, दुसऱ्यात सतराशेच्या आसपास. एल मोटरच्या तिप्पट-चौपट. मात्र ती करंटही तसाच खाते, तुमचा इन्फ्रारेड रिसीव्हर दोन बगी मोटरपुढे लगेच हात टेकेल. तेव्हा काहीतरी बदलावं लागणारच, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो.

---

बेसावाली · मंगळवार, रात्री १०:१०

शुद्ध_ठोकळे, मुद्दा पटला, बजेटला पटला नाही. माझी सीमारेषा अशी ठरवली आहे: चाकं, सांगाडा, स्टिअरिंग, शॉकअप सगळं ठोकळ्यांचं. बॅटरी आणि रेडिओला मी सामान समजते, गाडी नव्हे. गोंद मात्र एक थेंब लावणार नाही.

काका, एक अडचण. बगी मोटर घेतली तरी ती मधोमधच बसणार, मग तीच चौदा गिअरची वरात पुन्हा. आणि इतक्या वेगात युनिव्हर्सल जॉइंट टिकतील का? एल मोटरवरच एकाची कडी उडाली आहे.

---

निवृत्त_फिटर · बुधवार, सकाळी ६:०५

नाही टिकणार. म्हणून जॉइंटच नको.

ताई, तुम्ही बँकेत कशाने जाता? स्कूटरने जात असाल तर आज उतरल्यावर मागे वाकून बघा. स्कूटरला साखळी नाही, मागे जाणारा शाफ्टही नाही. इंजिन आणि मागचं चाक एकाच तुकड्यात जोडलेलं असतं, आणि खड्ड्यातून जाताना तो अख्खा तुकडा वर-खाली होतो. शॉकअप त्या तुकड्याला लावलेला. जोर सांगाड्यातून चाकाकडे न्यायचाच नाही, मोटरच चाकासोबत हलू द्यायची. युनिव्हर्सल जॉइंटचं काम संपलं.

तुमच्या गाडीत तसंच करा. मागे दोन हात, प्रत्येक हाताच्या पुढच्या टोकाला बिजागरी, मागच्या टोकाला एक मोटर आणि मोटरच्या भोकातून निघालेल्या एक्सलवर थेट चाक. कमी फेऱ्यांचं भोक वापरा. एकही गिअर नको. चाक मात्र एक्सलच्या टोकाला नुसतं लटकवू नका, दोन्ही बाजूंनी भोकांच्या पट्टीचा आधार द्या, नाहीतर पहिल्या उडीत एक्सल वाकेल.

डिफरन्शियलही नको. दोन मोटर एकाच ईएससीला समांतर जोडल्या की वळणावर आतल्या चाकावर ओझं येतं, ती मोटर थोडी दबते, बाहेरची पळते. आपोआप.

तोटा आहे, लपवत नाही. मोटरचं वजन चाकासोबत उडतं, त्यामुळे गिट्टीवर मागचा भाग थयथय नाचेल. स्कूटर नाचते तशीच. आणि पुढची चाकं बिनजोराची होतील. पण तुम्हाला दगड चढायचे आहेत की पोट्ट्यांना हरवायचं आहे, ते एकदा ठरवा. दगड चढायचे असते तर मी उलट सांगितलं असतं: शाफ्ट जोरात फिरू द्या आणि वेग कमी करून जोर वाढवण्याचं काम अगदी चाकापाशी ठेवा, ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलला असतं तसं. म्हणजे मधल्या नाजूक भागांवर ताण येत नाही. तुमच्या त्या ठोकळ्यांतही २०१९ पासून ४२०९९ च्या संचात तसे हब येतात, आत ग्रहमालेसारखे गिअर, ५.४ ला १. नातवाकडे आहे, फार सुबक काम आहे. पण ते चढणाऱ्या गाडीचं काम, पळणाऱ्या नव्हे.

तेल किंवा ग्रीस लावू नका. मुरूमाची धूळ त्यात बसली की पॉलिश पेपर तयार होतो. शिसपेन्सिलीचं टोक खरवडून ती पूड भोकात भरा.

---

पोट्टा_हिंगण्याचा · बुधवार, सकाळी १०:५०

काका, पाया पडतो. तीन वर्षं कॉलेजात जाऊन राहिलो, रोज स्कूटरवर बसून राहिलो, मले कधी दिसलं नाही.

---

बेसावाली · पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी १:१५

अहवाल देते. लांब आहे, चहा घेऊन बसा.

सामान बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत फिरून आणि उरलेलं ऑनलाइन घेतलं. दुकानदाराने तीनदा विचारलं, "मॅडम, मुलाचा प्रोजेक्ट का?" तिसऱ्यांदा मी हो म्हटलं, वेळ वाचतो. रेडिओ जुना मिळाला. एकूण चार हजार सहाशे. घरात अजून कुणी विचारलेलं नाही, आणि मुलगा हे वाचत नाही.

केबल कापताना हात थरथरला, खोटं नाही सांगत. आत चार तारा निघतात, मोटरच्या कामाच्या मधल्या दोन. दोन्ही मोटर समांतर जोडल्या, गाडी हॉलमध्ये ठेवली, हळूच ट्रिगर दाबला आणि गाडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरून टीपॉयच्या पायावर आदळली. अर्धा तास मी रेडिओला दोष देत होते. मग डोक्यात आलं: दोन्ही मोटर एकमेकींकडे पाठ करून बसल्या आहेत, मग एकीचं पुढे ते दुसरीचं मागे. एका मोटरच्या तारा उलट केल्या, झालं.

मागचे हात काकांनी सांगितले तसे, पंधरा भोकांच्या पट्ट्यांचे, दोन्हीकडून आधार. शॉकअप आधी मऊ लावले होते, मोटरच्या वजनानेच गाडी बसकण मारायची. कडक स्प्रिंगचे लावले तेव्हा उभी राहिली. पुढे साधे दुहेरी हात, स्टिअरिंगला रॅक (दात्यांची सरळ पट्टी). सर्वो आधी प्लास्टिकच्या दात्यांचा होता, पहिल्याच रविवारी गिट्टीच्या ढिगावरून उतरताना त्याचे दाते गेले. आता धातूच्या दात्यांचा आहे, तेरा ग्रॅमचा, आणि तो प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून बसवला आहे. शुद्ध_ठोकळे, त्याच्या हाताला जोडायला मी एका पट्टीला ड्रिलने भोक पाडलं. एकच. मलाही वाईट वाटलं.

वजन एक किलो दीडशे. गिअर एकूण किती? स्टिअरिंगचा एक. चौदावरून एक!

पहिल्या दिवशी एक चूक झाली. बुश सैल सोडायच्या नादात उजव्या चाकाकडे इतकी फट सोडली की चाक आत-बाहेर सरकत पट्टीला घासत होतं. दहा मिनिटांनी उचलून पाहिलं तर पट्टीच्या भोकाभोवती पांढरा भुगा आणि भोक लंबगोल. मिनिटाला हजार फेऱ्यांना प्लास्टिक कसं झिजतं ते तेव्हा कळलं. पट्टी बदलली, कागद घालून फट मोजली, पेन्सिलीची पूड भरली. आता दर रविवारनंतर जुन्या टूथब्रशने भोकं झाडते.

तोच शिंप्याचा टेप, तेच दहा मीटर, आधी धावत येऊन मग मोजणी. या वेळी मोबाइलचं स्लो मोशन वापरलं, कारण बोटाने स्टॉपवॉच दाबणं आता जमेना. मुरूमावर ३.१ सेकंद, म्हणजे ताशी साडेअकरा. लेआउटच्या सिमेंट रोडवर अडीच सेकंद, ताशी साडेचौदा. काका, फुल चार्जला चाकं हवेत असताना हिशेबाने पावणेअठरा निघतं. म्हणजे वटणावळ आता मातीच घेते, मधले दलाल गेले.

ऊन असो नसो, रेडिओ प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकतो. तरी मी सकाळी सहाला जाते आणि साडेसातला परत येते. गाडीसाठी नाही, माझ्यासाठी.

पोट्ट्यांचं विचाराल तर शर्यत झाली. मी जिंकले नाही. दोन गाड्या पुढे होत्या, त्यातली एक फार महागडी आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण तो "ढकलू का" वाला मागे राहिला. शेवटच्या वळणावर काळ्या मातीच्या भेगेत त्याची गाडी अडकली आणि माझी उडून पलीकडे गेली, उजवं चाक हवेत, मागचा भाग काकांनी सांगितला तसा नाचत. नंतर तो पाच मिनिटं माझ्या गाडीखाली डोकं घालून बसला होता. म्हणाला, "काकू, हिच्यात गिअर कुठे आहे?" मी त्याला त्याच्या बाबांची स्कूटर दाखवली.

---

निवृत्त_फिटर · त्याच रविवारी, दुपारी ३:४०

आकडे वहीत उतरवून घेतले. मागचा नाच कमी करायचा असेल तर बॅटरी चार-पाच भोकं मागे सरकवून पाहा, अगदी चाकांच्या थोडी पुढे. फार मागे नको, पुढची चाकं उचलली की स्टिअरिंग गेलं. एकदा गाडी घेऊन अंबाझरीकडे या, नातवाला पाहायची आहे. मलाही.

---

शुद्ध_ठोकळे · त्याच रविवारी, दुपारी ४:२०

ड्रिलबद्दल काही बोलत नाही. अभिनंदन. रॅकचा फोटो टाकाल का? वळताना पुढची चाकं आत झुकत नाहीत, ते कसं साधलंत?

---

बेसावाली · त्याच रविवारी, रात्री १०:०५

काका, येते. पुढच्या रविवारी सहाला, ऊन चढायच्या आत.

शुद्ध_ठोकळे, साधलं नाही, वरचा हात एक भोक आखूड निघाला म्हणून झालं. फोटो उद्या टाकते, कारण सध्या रॅक अर्धा आहे. त्या उडीत पुढच्या हाताच्या दोन पिना उडाल्या. काळ्या पिना, काळ्या मातीत. मी, मुलगा (हो, आज तो आला होता, मोबाइलसकट) आणि तो सातवीतला, तिघांनी संध्याकाळी पुन्हा जाऊन दिवेलागणीपर्यंत शोधल्या. एक मिळाली. आता जमेल तिथे लांब निळ्या पिनाच लावायच्या ठरवल्या आहेत, त्या मातीत दिसतात तरी. कुणाकडे वीस-पंचवीस जास्तीच्या निळ्या असतील तर सांगा. बदल्यात चालू अवस्थेतला इन्फ्रारेड रिमोट आणि रिसीव्हर देते. फक्त सूर्यास्तानंतर वापरायचा.